लिस्बनमध्ये चार दिवस: चढ कसा चुकवायचा आणि काय खायचं

प्रश्न असा आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाच जणांचं कुटुंब लिस्बनला चार दिवस राहणार आहे: नवरा-बायको, बारा वर्षांची मुलगी, शाकाहारी आई (अंडं चालतं) आणि गुडघेदुखीने बेजार, पण मासे आवडीने खाणारे बाबा. कुठे उतरावं, काय बघावं, काय खावं, आणि ती पिवळी ट्राम २८ घ्यायचीच का?

सगळ्यात आधी नकाशाबद्दल. लिस्बनचा नकाशा फसवा आहे. रोसिउ चौकातून किल्ला इतका जवळ दिसतो की दहा मिनिटांत पोहोचू असं वाटतं. पण चौक नदीच्या जवळपास पातळीवर आणि किल्ला शंभरेक मीटर उंच टेकडीवर. त्यामुळे इथे दिवस अंतराने आखू नका, उंचीने आखा. अर्ध्या दिवसाला एकच टेकडी, आणि वर जायचं ते वाहनाने. दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात: दुखऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार जास्त जाचतो. ‘वर टॅक्सीने गेलो, आता खाली चालत येऊ’ हा बेत बाबांसाठी चुकीचा आहे. त्यात पदपथ चुनखडीच्या छोट्या गुळगुळीत तुकड्यांचे, आणि ऑक्टोबरात पावसाच्या सरी सुरू होतात. ओले झाले की ते दगड शेवाळलेल्या घाटासारखे निसरडे होतात. जाड रबरी तळव्याचे, टाच घट्ट धरणारे बूट सगळ्यांनाच हवेत. चामडी तळव्याचे बूट घरीच ठेवा.

राहायला बैशा भाग घ्या, म्हणजे रोसिउ ते नदीकाठ यांच्यामधली सपाट पट्टी. नाहीतर मेट्रोच्या जवळ सालदान्या किंवा आव्हेनिदा द लिबेर्दाद. किल्ल्याखालची जुनी वस्ती आल्फामा फोटोत देखणी दिसते, पण तिच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही आणि बॅगा पायऱ्यांवरून ओढाव्या लागतात. बाइरु आल्तूत रात्री दोनपर्यंत गोंगाट असतो. बैशातही एक प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका: इमारतीला लिफ्ट आहे का? तिथल्या बऱ्याच इमारती अठराव्या शतकातल्या, चार-पाच मजली, अरुंद लाकडी जिन्याच्या आहेत. तिथला ‘पहिला मजला’ आपल्यासारखाच तळमजल्याच्या वरचा. हॉटेलच्या बिलात दर माणशी दर रात्री ४ युरो शहर-कर वेगळा लागतो, तेरा वर्षांखालच्या मुलांना तो नसतो.

विमानतळ शहरातच आहे. मेट्रोची लाल लाइन तिथूनच सुटते. आलामेदाला हिरवी लाइन बदलली की रोसिउ किंवा बैशा-शियादु. पाच जण आणि बॅगा असतील तर मात्र ॲपवरून मोठी गाडी मागवणं सोयीचं, आणि खर्चातही फारसा फरक पडत नाही.

तिकिटासाठी ‘नाव्हेगान्त’ नावाचं कार्ड मेट्रोच्या यंत्रात अर्ध्या युरोला मिळतं. प्रत्येकाला वेगळं लागतं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. त्यात दोन प्रकारे पैसे भरता येतात: ‘झॅपिंग’, म्हणजे नुसती रक्कम टाकायची आणि प्रवासागणिक कापली जाते, किंवा चोवीस तासांचा पास, साधारण ७ युरोचा. घोळ इथेच होतो. एका कार्डावर एका वेळी एकच प्रकार बसतो. झॅपिंगची शिल्लक असलेल्या कार्डावर पास भरायला गेलात तर यंत्र नकार देतं आणि लोक ते बिघडलं असं समजतात. पास ज्या दिवशी तीन-चारदा चढ-उतार असेल त्याच दिवशी घ्या. चोवीस तास पहिल्या वापरापासून मोजले जातात, म्हणजे दुपारी सुरू केलेला पास दुसऱ्या दिवशी सकाळीही चालतो. ट्राममध्ये चालकाकडून तिकीट काढलं तर कार्डाच्या जवळपास दुप्पट पडतं.

ट्राम २८ घ्या, पण माणसांत चेंगरून नाही. मार्तिं मोनीज या टोकाला नऊनंतर तास-तास रांग असते, आत बाबांना जागा मिळणार नाही, आणि पाकीटमारांचं हे आवडतं ठिकाण आहे. उलट टोक, काम्पु द ओरिक, तिथून सकाळी आठच्या सुमारास चढा. बसायला जागा मिळते आणि मुलीला खिडकी. लाकडी डबा गल्लीच्या वळणावर भिंतीला जेमतेम वीतभर अंतर ठेवून जातो, ते बसूनच बघण्यासारखं आहे. जमलं नाही तर १२ नंबरची ट्राम आल्फामाचा तोच सुंदर भाग छोट्या फेरीत दाखवते. दोरीवर चालणाऱ्या उताराच्या ट्रामींवर बेत आखू नका. ग्लोरिया मार्गावर ३ सप्टेंबर २०२५ रोजी भीषण अपघात झाला, १६ माणसं गेली, आणि त्यानंतर या गाड्या तपासणीसाठी थांबवल्या गेल्या. चालू असतील तर बोनस समजा.

आता चढ चुकवण्याचे दोन मार्ग, दोन्ही फुकट. बैशा-शियादु मेट्रो स्टेशनला एक दार खालच्या बैशात आणि एक वर शियादुच्या चौकात आहे. मधले लांबलचक सरकते जिने तिकिटाच्या फाटकाबाहेर असल्यामुळे प्रवास न करताही वापरता येतात. एखादा जिना बंद असणं मात्र नेहमीचं, म्हणून बाबांना खालीच ठेवून आधी कुणीतरी बघून यावं. दुसरा मार्ग किल्ल्याकडचा: रुआ दुश फांकैरुश रस्त्यावरच्या एका इमारतीतली सार्वजनिक लिफ्ट वरच्या रुआ दा मादालेनावर सोडते. रस्ता ओलांडून थोडं पुढे शाँव दु लोरैरु या जुन्या मंडईची इमारत आहे, खाली सुपरमार्केट आणि वर पार्किंग. तिथली लिफ्ट जवळपास किल्ल्याच्या पायथ्याशी नेते. पर्यटकांची रांग असलेली सांता जुस्ताची लोखंडी लिफ्ट (१९०२ ची, ४५ मीटर) खालून आणि बाजूने बघायला फार सुरेख आहे. तिच्यात चढण्यासाठी तासभर उभं राहणं मला पटत नाही, कारण ती जिथे पोहोचवते तिथे मेट्रोचे जिने जवळपास नेतातच.

पोहोचाल त्या दिवशी फक्त सपाट भाग. बैशाचे सरळ, काटकोनातले रस्ते बघताना लक्षात ठेवा की हे शहर एका सकाळी कोसळलं होतं: १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, चर्चमध्ये मेणबत्त्या लावलेल्या. आधी भूकंप, मग नदीतून आलेल्या लाटा, मग कित्येक दिवसांची आग. राजाचा मंत्री पोंबाल याने शहर नव्याने बांधलं तेव्हा भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घातला. त्याला ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, म्हणतात. भूकंपाचा विचार करून आखलेल्या युरोपातल्या सुरुवातीच्या बांधकामांत त्याची गणना होते. नदीकाठच्या भव्य चौकाला लोक अजून ‘तेरैरु दु पासु’, राजवाड्याचं अंगण, म्हणतात. तो राजवाडा आणि भारताच्या व्यापाराचा हिशेब ठेवणारी ‘काझा दा इंदिया’ ही कचेरी, दोन्ही त्याच दिवशी गेली. रोसिउजवळच्या साँव दोमिंगुश चर्चमध्ये पाच मिनिटं जरूर बसा. १९५९ च्या आगीत तडकलेले खांब त्यांनी मुद्दाम तसेच ठेवलेत, वर नवं तांबूस छत. संध्याकाळी काइश दु सोद्रेहून काशील्याशची फेरी बोट घ्या. तेच कार्ड चालतं, दहा मिनिटं लागतात, आणि नदीतून शहराच्या टेकड्या दिसतात. सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, त्याआधी अर्धा तास बोटीत असा.

दुसऱ्या दिवशी किल्ला. प्रासा दा फिगैराहून ७३७ नंबरची छोटी बस थेट वर जाते. साँव जॉर्जचा किल्ला ११४७ मध्ये आफोन्सु हेन्रिकेशने क्रुसेडरांच्या मदतीने मूर सत्तेकडून घेतला. तटावर जायच्या पायऱ्या उंच आणि उघड्या आहेत, बाबांनी त्या चढू नयेत. मोर फिरतात त्या बागेतून आणि नदीकडच्या गच्चीवरून दिसणारं दृश्य तटावरच्यापेक्षा कमी नाही. नऊला उघडतो, अकरापर्यंत उरका. नंतर दोन गट करा. चालणारे पोर्ताश दु सोल आणि सांता लुझियाच्या कठड्यावरून उतरत ‘से’ या मुख्य चर्चपर्यंत येतील, बाबा आणि आई मघाच्या दोन लिफ्टने खाली.

से च्या शेजारी आल्जुब नावाचं संग्रहालय आहे, हुकूमशहा सालाझारच्या काळातला राजकीय कैद्यांचा तुरुंग. बहुतेक पर्यटक पुढे निघून जातात. मराठी माणसाने तसं पुढे निघून जाऊ नये. गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे याच राजवटीचे कैदी होते. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी त्यांना लिस्बनजवळच्या काशियाश किल्ल्यात १९६९ पर्यंत डांबून ठेवलं होतं. बारा वर्षांच्या मुलीला हे इथे सांगितलं तर ते कळतं.

तिसरा दिवस नदीकाठच्या बेलें भागाचा, पण सोमवार टाळा, तिथला जेरोनिमुश मठ बंद असतो. ५ ऑक्टोबर ही तिथली प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, त्या दिवशी गर्दी आणि वेळा दोन्ही तपासा. बहुतेक लोक १५ नंबरच्या ट्रामने जातात आणि घामाघूम होतात. काइश दु सोद्रेहून काश्काइशकडे जाणारी लोकल सात-आठ मिनिटांत पोहोचवते. मात्र जलद गाडी बेलेंला थांबत नाही, फलकावर ‘बेलें’ वाचूनच चढा.

जेरोनिमुश मठाचं काम १५०१ मध्ये राजा मानुएलने सुरू केलं. पैसा आला मसाल्याच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून, ज्याला ‘मिरीचा विसावा हिस्सा’ म्हणत. आपल्या किनाऱ्यावरच्या मिरीने उभ्या राहिलेल्या या इमारतीत दगडावर दोरखंड, प्रवाळ, नौकेची साधनं कोरली आहेत. चर्च आणि ओवऱ्यांचं दुमजली अंगण यांची दारं वेगवेगळी. चर्चमध्ये शिरताच दोन बाजूंना व्हास्कु द गामा आणि कवी कामोइंश यांच्या समाध्या. तिकीट लागतं ते ओवऱ्यांना, आणि ते आधीच ऑनलाइन, पहिल्या वेळेचं काढा. ‘लिस्बोआ कार्ड’ घेतलं असेल तरी रांग टळत नाही. आधी ओवऱ्या, मग चर्च.

बेलेंचा बुरूज (१५१४ मध्ये काम सुरू) २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाला. निघण्यापूर्वी तो उघडा आहे का बघा, पण नसला तरी हळहळू नका, आतला अरुंद चक्री जिना बाबांसाठी नव्हताच. बाहेरून एक गोष्ट मात्र शोधा. वायव्य कोपऱ्यातल्या टेहळणी मनोऱ्याच्या बुडाशी झिजलेलं गेंड्याचं तोंड आहे. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कने १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने इथे पाठवला होता. त्याला इथे ‘गांदा’ म्हणत, म्हणजे आपला ‘गेंडा’च. पुढे पोपला भेट म्हणून पाठवताना जहाज बुडालं आणि तोही. मोबाइलचा झूम वापरा, नाहीतर दिसत नाही.

इथेच १८३७ पासूनचं पास्तैश द बेलेंचं, म्हणजे दुधा-अंड्याचं सारण भरलेल्या पापुद्र्याच्या छोट्या टार्टचं, दुकान. रस्त्यावरची लांब रांग फक्त बांधून नेणाऱ्यांची असते. आत शेकडो माणसं मावतील एवढे निळ्या-पांढऱ्या टाइल्सचे दिवाणखाने आहेत, तिथे टेबल बहुधा लवकर मिळतं. माणशी दोन मागवा, गरमच खा, वर दालचिनी आणि पिठीसाखर शिंपडा. पापुद्रा खाताना आवाज व्हायला हवा. थंड झाल्यावर दुधा-अंड्याचं सारण चिकट होतं आणि बुड ओलं पडतं, म्हणून हॉटेलवर नेण्यासाठी डबा घेणं व्यर्थ. शहरात हवीच असतील तर शियादुजवळच्या मांतैगारियात नवा घाणा निघाला की घंटा वाजवतात. ती ऐकून आत शिरा.

चौथ्या दिवशी मेट्रोच्या जिन्यांनी शियादु. कार्मुचं चर्च १७५५ ला छप्पर गेलं तसंच ठेवलंय, नुसत्या कमानी आणि वर आकाश. समोरच्या चौकातल्या बराकीत २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान मार्सेलु काएतानुने शरणागती पत्करली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. तिथून जवळ साँव रोक. बाहेरून अगदी साधं, आत एक संपूर्ण चॅपल रोममध्ये बांधून, सुटं करून, जहाजांनी आणलेलं. त्यातली ‘चित्रं’ रंगाची नाहीत, बारीक दगडी तुकड्यांची आहेत. चर्चच्या कपडेघरात फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्यावरची चित्रमालिका आहे. जुन्या गोव्यात ज्यांचं शव ठेवलंय तेच हे, १५४१ मध्ये लिस्बनहूनच निघालेले.

सिंत्राला, म्हणजे लिस्बनजवळच्या राजवाड्यांच्या गावाला, जायचं का? चार दिवसांत आणि या गुडघ्यांसह, नाही. पेना राजवाड्याच्या तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते. बागेच्या फाटकापासून तिथवर चढाचा अर्धा तास वेगळा धरावा लागतो, आणि उशीर झाला तर तिकीट वाया. त्याऐवजी आल्कान्तारामधलं म्युझेउ दु ओरिएन्त हे पूर्वेकडच्या देशांवरचं, लिफ्ट असलेलं, शांत संग्रहालय बघा, खारवलेल्या माशाच्या जुन्या गोदामात आहे.

आता खाणं. बसताच टेबलावर पाव, ऑलिव्ह, लोणी, कधी चीज ठेवतात. त्याला ‘कुव्हेर’ म्हणतात आणि ते फुकट नसतं. हात लावला तर पैसे. नको असेल तर लगेच ‘नाँव, ओब्रिगादु’ (बाईने ‘ओब्रिगादा’) म्हणून परत करा, त्यात कुणाला वाईट वाटत नाही. मोठं जेवण दुपारी, साडेबारा ते अडीच, जिथे ऑफिसची माणसं बसली आहेत तिथे करा. फळ्यावर ‘प्रातु दु दिया’, म्हणजे आजचा पदार्थ, लिहिलेलं असतं. ‘मैया दोझ’ म्हणजे अर्धी प्लेट, ती एकाला पुरते. पूर्ण प्लेट दोघांत. पाच जणांनी पाच पूर्ण प्लेटा मागवणं ही हमखास होणारी चूक.

बाबांसाठी: सुकवलेला कॉड, म्हणजे ‘बाकल्याव’. मासा एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. खूप खारट लागला तर समजा तिथे घाई झाली. पहिल्यांदा खाणाऱ्याने ‘आ ब्राश’ घ्यावा: माशाचे रेषे, कांदा, काडीसारखा तळलेला बटाटा आणि अंडं. अंडं मलईदार हवं, भुर्जीसारखं सुटं नको. काटे जवळपास नसतात, म्हणून मुलीलाही चालेल. भाजलेल्या सार्डिन, म्हणजे आपले तारले, जून ते सप्टेंबर चरबीने भरलेले असतात. ऑक्टोबरात ते बहुधा गोठवलेले मिळतात, त्याऐवजी भाजलेला ‘दोरादा’ घ्या. मेनूवर माशाच्या किंवा कोळंबीच्या पुढे ‘किलो’ लिहिलं असेल तर भाव प्लेटचा नाही, वजनाचा आहे. भाजण्याआधी वजन करायला सांगा.

आईंसाठी जरा तयारी हवी. ‘शाकाहारी’ सांगितलं तरी सॅलडवर टुना येतो, कारण जुन्या खानावळींत मासा म्हणजे मांस नव्हे असं धरतात. म्हणून दोन्ही सांगा: ‘सैं कार्न, सैं पैश’, मांस नको, मासा नको. ‘काल्दु व्हेर्द’ हे बटाटा आणि हिरव्या कोव्हच्या पानांचं सूप छान असतं, पण वर सॉसेजची चकती टाकतात, ‘सैं शोरिसु’ म्हणा. (गोव्याच्या चोरीसचं मूळ हेच, आणि आपल्या कोबीचं मूळ कोव्ह. बताता, अनानाश, काजु, पाँव: मेनू वाचताना अर्धे शब्द ओळखीचे निघतील.) ‘पैशिन्युश दा ओर्ता’ म्हणजे ‘बागेतले छोटे मासे’: नावाला घाबरू नका, पिठात बुडवून तळलेल्या फरसबीच्या शेंगा असतात, थेट भजी. टोमॅटोचा भात, ‘आरोज द तोमात’, आणि राजमाछाप ‘आरोज द फैजाँव’ पोटभर होतात. दुसऱ्यात मांस आहे का विचारा. चीज घेताना सेर्रा दा इश्त्रेला किंवा आझैताँव निवडा. ही मेंढीच्या दुधाची चीजं एका काटेरी रानफुलाच्या केसरांनी विरजतात, वासराच्या जठरातल्या रेनेटने नाही, त्यामुळे कडक शाकाहारी माणसालाही चालतात. मिठाईच्या दुकानात ‘बान्य’ आणि ‘तोसिन्यु’ हे दोन शब्द दिसले तर सोडून द्या, दोन्ही डुकराच्या चरबीचे.

आणि एक सापळा: जवळपास प्रत्येक बेकरीच्या काचेत समोसा असतो, ‘शामुसा’. गोवा-मोझांबिकमार्गे आलेला, दिसायला अगदी घरचा, पण आत बहुतेक वेळा खिमा. विचारल्याशिवाय आईंच्या हातात देऊ नका. घरगुती शाकाहारी जेवण हवंच झालं तर लुमियार भागातलं राधा-कृष्ण मंदिर आहे. मोझांबिक आणि दीवमार्गे आलेल्या गुजराती समाजाचं, तिथल्या भोजनालयात दुपारी थाळी मिळते. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा.

कॉफीला इथे ‘बीका’ म्हणतात, कडक आणि घोटभर. दूध हवं असेल तर ‘गलाँव’, उंच ग्लासात. चहाचं नाव पोर्तुगीजमध्येही ‘शा’. पण मागितल्यावर गरम पाणी आणि पिशवी येते, दूध वेगळं सांगावं लागतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, ‘आग्वा दा तोर्नैरा’ मागा, बाटलीचे पैसे वाचतात.